सात विषय आणि एक शून्य

दिनांक २३ ऑगस्ट २०१५ रोजीं रविवार होता. दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घरांतील लहानथोर मंडळी माजघरांत दूरचित्रवाणीसमोर जमून बसली होती. निमित्त होतें जमैकाच्या उसेन बोल्टचें. बीजिंग येथें चाललेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेंत तो त्या सायंकाळीं १०० मीटरची अंतिम शर्यत धांवणार होता, आणि ‘आज कोणीहि मालिका लावावयाची नाहीं’ असें आमच्या पुतण्यांनीं दुपारपासूनच सर्वांस बजावून ठेविलें होतें. बोल्ट धांवला, ९.७९ सेकंदांत जिंकलाहि. परंतु त्या सायंकाळचें जें आमच्या घरीं स्मरणांत राहिलें तें बोल्टचें धांवणें नव्हे. त्याच्या शर्यतीच्या थोडें आधीं त्याच मैदानावर कांहीं स्त्रिया ८०० मीटर धांवल्या. ती धांव म्हणजे दोन दिवस चाललेल्या एका परीक्षेचा सातवा आणि शेवटचा विषय होता. आणि त्या परीक्षेंत जी पहिली आली ती तेरा महिन्यांच्या मुलाची आई होती.

निवेदकानें हें सांगतांच आमच्या वहिनींच्या हातांतील जपमाळ थांबली. “अग बाई! तेरा महिन्यांचं लेकरू, आणि ही तिकडे धावते आहे?” असें त्या उद्गारल्या. प्रश्न त्यांनीं कोणा एकास उद्देशून विचारला नव्हता. पण आमची सून सात महिन्यांच्या मुलीस मांडीवर घेऊन तेथेंच बसली होती, आणि तिनें नोकरीवर परत जावें कीं जाऊं नये हा वाद घरांत दोन महिने दबक्या आवाजांत चालू होता. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं मुलीच्या अंगावरील दुपटें सारखें केलें व पडद्याकडे पाहात राहिल्या.

या खेळाचें नांव हेप्टॅथ्लॉन. शब्द ग्रीक आहे; पण ज्यानें चार दिवस तरी संस्कृत व्याकरण घोकलें आहे त्यास तो परका वाटूं नये. ग्रीक ‘हेप्टा’ आणि आपलें ‘सप्त’ हीं दोन्हीं एकाच मुळाचीं रूपें. आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो, हें सिंधूचें हिंदु कसें झालें हें ठाऊक असणारांस सांगावयास नको, जरी तो बदल ग्रीकांनीं नव्हे, इराण्यांनीं केला. ‘अ‍ॅथ्लॉन’ म्हणजे झुंजून मिळवावयाचें पारितोषिक. तेव्हां आपण यास सप्तक्रीडा म्हटलें तर फारसें बिघडणार नाहीं.

सात प्रकार ते असे. पहिल्या दिवशीं प्रथम दहा अडथळे ओलांडून १०० मीटर धांवावयाचें, नंतर उंच उडी, मग चार किलोग्रॅम वजनाचा गोळा फेंकावयाचा आणि शेवटीं २०० मीटर धांवावयाचें. दुसऱ्या दिवशीं लांब उडी, सहाशें ग्रॅमचा भाला आणि सर्वांच्या शेवटीं ८०० मीटर. यांतील मौज अशी कीं, एका कामास जें शरीर उपयोगी तेंच दुसऱ्या कामास अडचणीचें. गोळा दूर फेंकावयास अंगांत भार हवा. तोच भार उंच उडीच्या वेळीं जमिनीकडे ओढतो. दोनशें मीटरला लागणारा वेग व आठशें मीटरला लागणारा दम यांचें एकमेकांशीं फारसें पटत नाहीं. म्हणून सातांतहि सर्वश्रेष्ठ अशी स्त्री या खेळांत सहसा आढळत नाहीं. प्रत्येकीचा एखादा विषय कच्चा असतोच, आणि तो कच्चा विषय इतका कच्चा राहूं नये यासाठींच तिचीं वर्षेंच्या वर्षें खर्चीं पडतात.

आतां सेकंद आणि मीटर यांची बेरीज करावयाची कशी? हा प्रश्न आम्हां मास्तर लोकांच्या जिव्हाळ्याचा असल्यामुळें वाचकांनीं थोडी कळ सोसावी. यासाठीं वापरांत असलेलीं कोष्टकें व्हिएन्ना येथील कार्ल उल्ब्रिख या गणितज्ञाच्या पद्धतीवर बेतलेलीं आहेत. प्रत्येक प्रकारास एक पायरी ठरविलेली असते. लांब उडीची पायरी २ मीटर १० सेंटिमीटर. तेथवर गुण शून्य. त्याच्या पुढें जेवढें अंतर जाईल त्याचा विशिष्ट घात करून एका ठराविक अंकानें गुणावयाचें. त्या हिशेबानें ५ मीटरच्या उडीस ५५९ गुण मिळतात आणि ६ मीटरच्या उडीस ८५०. म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या मीटरचें मोल सारखें नाहीं. जों जों वर जावें तों तों प्रत्येक सेंटिमीटर महाग होत जातो. आमच्या मतें ही रीत न्यायाची आहे. पस्तीसाचे चाळीस गुण करणारा मुलगा आणि नव्वदाचे पंचाण्णव करणारा मुलगा यांचे कष्ट सारखे नसतात हें वर्गांत कोणता शिक्षक जाणत नाहीं? पण आमच्या गुणपत्रिकांनीं तें कधीं मानलें नाहीं.

आणखी एक भेद. आमच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत एका विषयांत नापास झालेला विद्यार्थी सगळ्या परीक्षेंत नापास होई. संस्कृतांत पंचाऐंशी मिळाले असले तरी गणितांतील बत्तिसांपुढें त्यांचें कांहीं चालत नसे. सप्तक्रीडेंत तसें नाहीं. भाला जवळ पडला तर उंच उडीनें भरून काढावें, ही मुभा आहे. मात्र लांब उडीस, गोळ्यास व भाल्यास तीन-तीनच संधी असतात, आणि तिन्ही संधी नियमबाह्य ठरल्या तर त्या विषयांत शून्य मांडलें जातें. शून्य मिळाल्यावर कोणी स्पर्धेंतून काढून लावीत नाहीं. पुढच्या विषयास बसावयाची मोकळीक असते. किंबहुना अडचण तीच.

स्त्रियांस हा खेळ मिळाला तोहि सुखासुखी मिळाला नाहीं. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथम झाली. जर्मनीच्या लीना राड्के हिनें ती २ मिनिटें १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यतीनंतर कांहीं जणी दमून मैदानावर बसल्या, हें निमित्त करून वर्तमानपत्रांनीं भयंकर वर्णनें छापलीं, आणि एवढें अंतर स्त्रीच्या प्रकृतीस झेपणारें नव्हे असें ठरवून ती शर्यतच बंद करण्यांत आली. ती पुनः सुरू झाली १९६० सालीं रोम येथें. बत्तीस वर्षें गेलीं! पुरुष शर्यतीनंतर दमले तर ‘पराकाष्ठा केली’ म्हणावयाचें आणि स्त्रिया दमल्या तर शर्यतच मोडावयाची, हा न्याय केवळ आपल्याकडचाच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. पुढें १९६४ पासून स्त्रियांसाठीं पांच प्रकारांची पंचक्रीडा आली, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून तिची सप्तक्रीडा झाली. त्या पहिल्याच वेळीं ऑस्ट्रेलियाची ग्लिनिस नन ६३९० गुणांनीं पहिली आली, आणि अमेरिकेची जॅकी जॉयनर ६३८५ गुणांनीं दुसरी. दोन दिवस, सात प्रकार आणि अंतर पांच गुणांचें! हीच जॅकी १९८८ सालीं सोल येथें ७२९१ गुणांवर पोंचली. तिला दम्याचा विकार होता. तो उच्चांक २०२५ सालच्या अखेरीपर्यंत तरी कोणी मोडलेला नव्हता.

आपल्या देशाच्या वाट्यालाहि या खेळांतील एक सोन्याचा दिवस आला आहे. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत जलपाईगुडीकडील स्वप्ना बर्मन ६०२६ गुण मिळवून पहिली आली. हें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. वडील सायकल-रिक्षा ओढणारे. तिच्या दोन्ही पायांस सहा-सहा बोटें, त्यामुळें बाजारचे बूट पायांत नीट बसत नसत. आणि त्या दोन दिवसांत दाढदुखीनें बेजार झाल्यामुळें गालावर पट्टी चिकटवून ती धांवत होती. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. आज आम्हांस बीजिंगकडे परत गेलें पाहिजे.

ती आई म्हणजे जेसिका एनिस-हिल. इंग्लंडांतील शेफील्ड या पोलादाच्या गांवीं १९८६ सालीं तिचा जन्म झाला. वडील मूळचे जमैकाचे, घरांस रंग देण्याचा व्यवसाय करणारे; आई समाजसेविका. उंची जेमतेम पांच फूट पांच इंच. उंच उडीच्या मैदानावर इतर स्पर्धक तिच्याहून वीतभर उंच दिसत. २००८ सालीं बीजिंग येथें ऑलिंपिक व्हावयाचें होतें, आणि त्याच्या कांहीं आठवडे आधीं तिच्या उजव्या पायाच्या हाडांस चिरा गेल्या. ऑलिंपिक हुकलें. एवढेंच नव्हे, तर ज्या उजव्या पायावर जोर देऊन ती लांब उडी मारीत असे तो पाय त्या कामास निर्धोक राहिला नाहीं. मग तिनें डाव्या पायानें उडी मारण्यास नव्यानें आरंभ केला. उजव्या हातानें लिहिणाऱ्या माणसानें बाविसाव्या वर्षीं डाव्या हातानें अक्षर गिरवावयास बसावें तशांतला तो प्रकार. दुसऱ्याच वर्षीं, २००९ सालीं, ती बर्लिन येथें जगज्जेती झाली आणि २०१२ सालीं लंडनला ६९५५ गुणांनीं ऑलिंपिक विजेती.

मधल्या काळांत २०११ सालीं दक्षिण कोरियांतील देगू येथें मात्र रशियाच्या तात्याना चेर्नोव्हा हिनें तिला मागें टाकलें. पुढें चेर्नोव्हानें निषिद्ध औषधें घेतल्याचें सिद्ध झालें, तिचा विजय रद्द करण्यांत आला, आणि ते सुवर्णपदक जेसिकाच्या हातीं पडलें २०१७ सालीं! तोंवर ती खेळांतून निवृत्तहि झालेली होती. निकाल बदलला, पण देगूच्या मैदानावर ज्या क्षणीं राष्ट्रगीत वाजावयाचें तो क्षण कोणास परत करतां येणार?

२०१४ च्या जुलैमध्यें तिला मुलगा झाला. प्रसूतीनंतर शरीर पुनः जुळवून आणावयास किती दिवस लागतात हें आमच्या वाचकभगिनींस आम्हीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. २०१५ च्या मे महिन्याच्या अखेरीस ऑस्ट्रियांतील गोट्झिस या गांवीं ती प्रथमच पुनः सातही प्रकार खेळली व ६५२० गुणांनीं चौथी आली. त्याच ठिकाणीं कॅनडाच्या ब्रायॅन थायसन-ईटन हिनें ६८०८ गुण मिळविले होते. तेव्हां बीजिंगला निघतांना सगळ्यांच्या तोंडीं कॅनडाचें नांव होतें. आणि त्याखालोखाल नांव होतें जेसिकाच्याच देशांतील एका बावीस वर्षांच्या मुलीचें.

ही मुलगी लिव्हरपूलची कॅटरिना जॉन्सन-थॉम्प्सन. उंच, लांब पायांची. दोन्ही उड्यांत अशी निपुण कीं त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत तिनें बंदिस्त मैदानावर ६.९३ मीटर लांब उडी मारलेली. तिचा कच्चा विषय गोळा. पहिल्या दिवसाचें गणित पाहा. जेसिकानें अडथळे १२.९१ सेकंदांत ओलांडले, १.८६ मीटर उंच उडी घेतली, गोळा १३.७३ मीटरवर टाकला आणि २०० मीटर अंतर २३.४२ सेकंदांत तोडलें, बेरीज ४००५. कॅटरिनाचे आंकडे अनुक्रमें १३.३७, १.८९, १२.४७ आणि २३.०८, बेरीज ३९२५. अंतर ८० गुणांचें. दुसऱ्या दिवसाचा पहिलाच विषय लांब उडी. तींत जेसिकास ६.४३ मीटरबद्दल ९८५ गुण मिळाले. कॅटरिना आपल्या फेब्रुवारींतल्या उडीइतकी जाती तर तिला ११४९ मिळते, आणि ते ८० गुण फेडून ८४ गुणांची आघाडी तिच्या पदरांत पडती. सर्वांची अपेक्षा अशी होती, तिचीहि असणार.

लांब उडीच्या धांवपट्टीच्या टोकास वीस सेंटिमीटर रुंदीची एक पांढरी फळी असते. तिच्यावर पाय पडला पाहिजे, पलीकडे नाहीं. त्या वेळीं फळीच्या पुढच्या कडेस मऊ लुकणासारख्या पदार्थाची पट्टी लावलेली असे. बुटाचें टोंक केंसभर जरी पलीकडे गेलें तरी तिच्यावर ठसा उमटे आणि पंच लाल निशाण वर करी. कॅटरिनाची पहिली उडी बाद झाली. दुसरीहि बाद. तिसऱ्या वेळीं फळीच्या हातभर मागून उडी मारली असती तरी सहा मीटर सहज गेली असती आणि ८५० गुण पदरांत पडले असते. हें आम्हीं घरीं गादीवर बसून म्हणतों. वेगानें धांवत येणाऱ्या माणसास पाऊल वीतभर आंखडावयास सांगणें सोपें, पण सगळ्या धांवेची सवय एका पावलापुरती मोडतां येत नाहीं. तिसरी उडी लांबच लांब गेली. ती वाळूंतून उठली तेव्हां आनंदांत दिसत होती. मग निशाण लाल झालें. तिनें पंचांस विचारलें, ठसा पाहिला, ठसा होता.

गुणफलकावर तिच्या नांवापुढें शून्य आलें. दुसऱ्या क्रमांकावरून ती कोठल्या कोठें फेंकली गेली.

हा प्रसंग त्याच दिवशीं आधीं घडून गेलेला होता. सायंकाळीं तो पुनः पुनः दाखवीत होते. तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंच्या आठ वर्षांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, शून्य मिळाल्यावर ती घरी का नाही गेली?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं, कारण आम्हांस त्या क्षणीं दुसरेंच कांहीं आठवलें. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. नववीच्या वर्गांत एक मुलगी होती. संस्कृतांत तिच्या तोडीचें कोणी नव्हतें; सुभाषित एकदां ऐकलें कीं अन्वयासह सांगे. वार्षिक परीक्षेंत तिनें गणिताची उत्तरपत्रिका कोरी दिली. कां, तें तिनें कोणासहि सांगितलें नाहीं. तिचे वडील आमच्याकडे विचारावयास आले. आम्ही तेव्हां तिशीहि न ओलांडलेले, पण डोक्यावर टोपी व अंगांत कोट असल्यामुळें स्वतःस फार शहाणे समजणारे. आम्हीं त्यांस म्हटलें, “आतां पुरे करा. शून्य मिळविणारी मुलगी पुढच्या वर्षी काय दिवे लावणार?” वडिलांनीं तिला शाळेंतून काढलें. पुढें तिचें काय झालें हें आम्हांस कळलें नाहीं, कारण आम्हीं तें कधीं विचारलेंहि नाहीं. उरलेल्या सहा विषयांच्या उत्तरपत्रिका आमच्या टेबलावरच होत्या. त्यांची बेरीज करून पाहावी असें त्या वेळीं सुचलें नाहीं.

कॅटरिना घरीं गेली नाहीं. उरलेले दोन्ही विषय तिनें पुरे केले आणि यादींत २८ व्या क्रमांकावर आपलें नांव लागूं दिलें. तें तिनें फार उत्साहानें केलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तशा वेळीं उत्साह कोठून आणावयाचा?

जेसिकानें भाला ४२.५१ मीटरवर टाकला आणि मग ती ८०० मीटरची धांव, जी आम्हीं पाहिली. २ मिनिटें १०.१३ सेकंद. एकूण बेरीज ६६६९. थायसन-ईटन ६५५४ वर राहिली, लाट्व्हियाची लॉरा इकाउनिएत्से ६५१६ वर. ज्या मैदानावर २००८ सालीं ती पायाच्या दुखण्यामुळें येऊं शकली नव्हती त्याच मैदानावर ती सात वर्षांनीं पहिली आली. मात्र त्याच सायंकाळीं बोल्ट जिंकल्यामुळें दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत मोठें चित्र कोणाचें होतें हें सांगावयास नकोच. दहा सेकंदांपुढें दोन दिवस लहान ठरतात.

वहिनी उठतांना म्हणाल्या, “मुलाला कोणीतरी सांभाळलं असेलच की.” मग क्षणभर थांबून सुनेकडे वळून, “तुझी रजा कधी संपते ग?” एवढेंच विचारलें. पुढील महिन्यापासून आमच्या घरीं बाळाचें दुपारचें दूधभाताचें काम वहिनींकडे आलें, व जपाची वेळ पहांटेकडे सरकली. या फेरबदलाची घरांत कोणी चर्चा केली नाहीं.

इकडे नातीनें कॅटरिनाचें नांव सोडलें नाहीं. तिच्यामुळें आम्हांसहि पुढचीं दहा वर्षें तो हिशेब ठेवावा लागला. आणि तो ठेवण्यासारखा होता. २०१६ सालीं रिओ येथें कॅटरिनानें सप्तक्रीडेंत १.९८ मीटर उंच उडी घेतली. नुसत्या उंच उडीची स्पर्धा त्या ऑलिंपिकमध्यें १.९७ मीटरला जिंकली गेली! म्हणजे जी उडी एकटी असती तर सुवर्णपदकास पुरी पडली असती, ती सातांच्या बेरजेंत सहाव्या क्रमांकापलीकडे नेऊं शकली नाहीं. कच्च्या विषयांनीं खाऊन टाकली. पुढल्या वर्षीं लंडनला तर उंच उडीनेंच दगा दिला, अवघे १.८० मीटर, आणि पांचवा क्रमांक. त्या सुमारास ती लिव्हरपूल व आईचें घर सोडून फ्रान्समधील माँपेलिए येथें नव्या गुरूकडे शिकावयास गेली होती. परमुलुख, परभाषा, आणि शिकावयाचें काय तर जें येत नाहीं तें.

२०१९ च्या ऑक्टोबरांत दोहा येथें त्याचें फळ दिसलें. अडथळे १३.०९, उंच उडी १.९५, गोळा १३.८६, दोनशें मीटर २३.०८, लांब उडी ६.७७, भाला ४३.९३, आठशें मीटर २ मिनिटें ७.२६ सेकंद. चार प्रकारांत तिची तोंवरची सर्वोत्तम कामगिरी, आणि त्यांत गोळा व भाला हे दोन्ही दुबळे विषय आलेच. बेरीज ६९८१. बेल्जियमची ऑलिंपिक विजेती नफिसातू थियाम ३०४ गुणांनीं मागें. जेसिकाचा ६९५५ चा ब्रिटिश उच्चांकहि मागें पडला. लांब उडीच्या वेळीं नात पाटावर डोळे मिटून बसली होती. पाय फळीवर पडला हें आम्हीं सांगितल्यावरच तिनें ते उघडले.

त्यानंतर ही कथा सुखानें संपावयास हवी होती. पण माणसाचें शरीर कथेच्या सोयीनें चालत नाहीं. २०२० च्या अखेरीस टांचेची मुख्य शीर तुटली. त्यांतून कशीबशी सांवरून ती २०२१ च्या ऑगस्टमध्यें तोकियोच्या ऑलिंपिकला उतरली, आणि २०० मीटरच्या वळणावर दुसऱ्या पायाची पोटरी धरल्यामुळें खालीं बसली. चाकांची खुर्ची आणली गेली. तिनें ती नाकारली व लंगडत, चालत अंतिम रेषा ओलांडली. आपली पट्टी सोडल्याबद्दल ती धांवहि बाद ठरली. पुनः शून्य. पुढच्या वर्षीं जागतिक स्पर्धेंत आठवा क्रमांक.

२०२३ च्या ऑगस्टमध्यें बुडापेस्ट येथें सहा विषय झाल्यावर तिचे ५७१० गुण होते आणि अमेरिकेच्या अ‍ॅना हॉलचे ५६६७. त्रेचाळीस गुण म्हणजे ८०० मीटरमध्यें तीन सेकंदांहून किंचित् कमी. हॉल ही ८०० मीटरची पट्टीची धांवणारी. ती पहिल्या पावलापासून पुढें सुटली. कॅटरिनानें तिला ओलांडावयाचें नव्हतेंच; फक्त दूर जाऊं द्यावयाचें नव्हतें. हॉल २ मिनिटें ४.०९ सेकंदांत आली, कॅटरिना २ मिनिटें ५.६३ सेकंदांत, आयुष्यांतील आपल्या सर्वांत जलद वेळांत. ६७४० विरुद्ध ६७२०. लीना राड्केनें ज्या अंतरास १९२८ सालीं २ मिनिटें १६.८ सेकंद घेतले व जें स्त्रियांस झेपत नाहीं म्हणून बत्तीस वर्षें बंद ठेवलें, तें अंतर सहा विषय देऊन झाल्यावर अकरा सेकंद कमी वेळांत! पॅरिसला २०२४ सालीं थियामच्या ६८८० पुढें तिचे ६८४४ झाले. चवथ्या ऑलिंपिकांत तिला पहिलें पदक मिळालें, रौप्य.

सरतेशेवटीं २०२५ चा सप्टेंबर. जागतिक स्पर्धा तोकियोला, त्याच मैदानावर जेथें चार वर्षांपूर्वीं ती लंगडत चालली होती. आतां वय बत्तीस. अ‍ॅना हॉल ६८८८ गुणांनीं पहिली आली, आयर्लंडची केट ओ’कॉनर ६७१४ गुणांनीं दुसरी. तिसऱ्या जागेसाठीं कॅटरिना आणि अमेरिकेची तालिया ब्रुक्स यांची शेवटच्या धांवेवर झटापट होती. धांव संपल्यावर दोघींनाहि निकाल ठाऊक नव्हता. दोघी फलकाकडे पाहात उभ्या. नात आतां अठरा वर्षांची, महाविद्यालयांत शिकणारी. तिनें वहीच्या मागच्या पानावर कोष्टकाप्रमाणें आंकडे मांडले, बेरीज केली, खोडली आणि पुनः केली. आम्हीं चष्मा लावून ती तपासली, जुनी सवय. दोन्ही वेळां तेंच उत्तर येत होतें. मग फलकावरहि तेंच आलें : जॉन्सन-थॉम्प्सन ६५८१, ब्रुक्स ६५८१.

वहिनींनीं आंतून विचारलें, “काय ग, आलं का तिचं पदक?”

“आलं आजी. दोघींना तिसरा क्रमांक.”

“म्हणजे एकच पदक दोघींत वाटून घ्यायचं?”

“नाही हो, दोन देतात.”

“मग बरं,” असें म्हणून वहिनी पुनः आपल्या कामास लागल्या. नातीनें वहीचें तें पान फाडलें नाहीं. तें अजून तसेंच आहे.